उसवलेला खिसा

डॉक्टर समजावून सांगत होते आणि टेलरबाई त्यांच्या खिशाकडे बघत होत्या.

"उद्या सकाळी नऊला उपाशीपोटी आणायची," डॉक्टर म्हणाले. "रात्री दहानंतर खायला काही नाही. अकराला ऑपरेशन, पाऊण तासाचं काम. एक रात्र इथे देखरेखीखाली ठेवू, परवा सकाळी दहाला घरी. नसबंदीच आहे, रोज एखाददुसरी करतो मी. घाबरण्यासारखं काही नाही."

टेलरबाई ऑपरेशनला घाबरल्याच नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला. त्याचा डावा खिसा एका कोपऱ्यावर तीन टाक्यांनी लोंबत होता. त्यांनी मोजून घेतले होते, तीनच. चौथा असायला हवा तिथे सुताचं झुडूप उगवलं होतं, आणि डॉक्टर बोलता बोलता त्याच खिशात बिनदिक्कत हात खुपसत होते.

टेबलावर सात महिन्यांची कुत्री, बॉबिन, उभी होती, एक कान वर, एक कान खाली. पाच महिन्यांपूर्वी ती दुकानात शिरली आणि मशीनखाली पडलेली दोऱ्याची बॉबिन तोंडात धरून पळाली, तेव्हापासून तिचं नाव बॉबिन. आता ती डॉक्टरांचा हात चाटत होती. जनावराला माणसाची पारख असते म्हणतात, पण शिलाईची नसते.

"टाके किती पडतील?" टेलरबाईंनी विचारलं.

"आठ-दहा. विरघळणारे असतात, काढायला नकोत."

"पदर किती?"

"पदर? म्हणजे थर? तीन. आतला, मधला आणि वरची कातडी."

"प्रत्येकाला वेगळी शिलाई, का एकदाच दाबून?"

"वेगळी."

"आणि कडेला माया किती सोडता?"

डॉक्टरांनी मदतीसाठी टेलरबाईंच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बस डेपोच्या चौकशी खिडकीत एकवीस वर्षं बसलेला. 'गाडी कधी येणार' या एकाच प्रश्नाला दिवसातून चारशे वेळा, आवाज न चढवता, तोच निर्विकार चेहरा ठेवून उत्तर देणारा. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही उत्तर देऊ नका. एका उत्तरातून दोन प्रश्न निघतात."

घरी चप्पल काढता काढता टेलरबाईंनी तोंड उघडलं.

"ज्याला स्वतःचा खिसा सांभाळता येत नाही, त्याच्या हातात मी माझी पोर द्यायची?"

"अगं, तो कोट त्याने थोडाच शिवलाय?"

"शिवला नसेल. पण रोज अंगात घालतो ना? रोज दिसतं ना? दिसूनही ज्याचा जीव तुटत नाही, तो बॉबिनच्या पोटात तीन पदर नीट जुळवेल कशावरून?"

"आई, त्यांना चार पॉइंट आठ स्टार आहेत," मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

"खिशाचे शून्य पॉइंट दोन कापलेत वाटतं."

ऑपरेशननंतर पिल्लू जखम चाटतं म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालावं लागेल, नाहीतर अंगभर घट्ट सूट, असं डॉक्टर म्हणाले होते. नरसाळं टेलरबाईंनी तिथल्या तिथे नाकारलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी झोपलेल्या बॉबिनचं माप घेतलं. गळा, छाती, पोट, पाठीची लांबी, चारही पायांचे घेर, सगळं दोनदा. पिवळं सुती कापड काढलं, खडूने आखलं, आणि शाळेच्या बँडचे अठरा कोट बाजूला सारून मशीनवर बसल्या. बँडमास्तरांचा फोन आला तेव्हा "घरात ऑपरेशन आहे" असं त्या अशा आवाजात म्हणाल्या की, मास्तरांनी दहा मिनिटांनी परत फोन करून रक्त लागणार असेल तर सांगा, अख्खा बँड येईल, असं कळवलं.

सकाळी नऊला दवाखान्यात बॉबिन आत गेली. टेलरबाईंनी सही केली. मग म्हणाल्या, "डॉक्टर, कोट काढा."

"काढणारच आहे. ऑपरेशनला आम्ही हिरवा गाऊन घालतो."

"तो बघू."

बघायला नको होतं. गाऊनची पाठीमागची एक नाडी कधीच गेलेली होती आणि तिच्या जागी बँडेजची पट्टी गाठ मारून लावली होती. टेलरबाईंनी भिंतीला हात टेकला.

"बरं वाटत नाहीये का, ताई?"

"मला काही झालेलं नाही. तुम्ही तिचं करा, मी याचं करते." आणि डॉक्टर काही बोलायच्या आत कोटाची घडी त्यांच्या काखेत गेलीसुद्धा.

"अगं, दुसऱ्याच्या अंगावरचा कोट!" बाहेर येऊन नवरा म्हणाला.

"अंगावर कुठे होता? तसा तो अंगावर बसतच नाही. खांदा बघितलास का?"

नवरा डेपोत गेला. प्रश्नांना उत्तर असतं अशी ती एकच जागा त्याला उरली होती.

दुकानात बाईंनी खिसा उसवला. खिसा निघाला तसं खालचं कापड विरलेलं दिसलं, म्हणून आतून ठिगळ लावायला अस्तर उघडलं. अस्तराबरोबर बगल आली, बगलेबरोबर बाही. साडेदहाला डॉक्टरांचा कोट सात तुकड्यांत टेबलावर पडला होता. आता डॉक्टरही तिकडे कापायला घेत असतील, असं मनात आलं आणि टेलरबाईंच्या हातातली कात्री थांबली. अकराला पाच कमी असताना त्यांना राहवलं नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

टेबलावरचे तुकडे वाजायला लागले.

आतल्या खिशाचा तुकडा उलटा केला, तर फोन. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं होतं: 'बॉबिन, शिलाईवाल्या, खूप शंका'.

टेलरबाईंनी ते दोनदा वाचलं. मग फोन कापला आणि शांतपणे विचार केला. परत नेऊन द्यावा? पण अकरा वाजलेच होते. ऐन पोटावर हात असताना हा असा वाजला तर? हात हलणार, टाका तिरका जाणार. त्यापेक्षा फोन इथे आहे तेच बरं. झालं की दवाखान्यातून आपल्या नंबरवर कळवतीलच.

हिशोब चोख होता. फक्त डॉक्टरांचा फोन शेवटच्या घटका मोजत होता आणि दुकानात चार्जर एकच होता. कोणाचा तातडीचा फोन येईल कोण जाणे, म्हणून बाईंनी आपला काढून डॉक्टरांचा लावला. आपला फोन कधी मेला, ते त्यांना कळलं नाही.

पहिला फोन सव्वाअकराला आला. 'मांजर, तिसरा मजला.'

"डॉक्टर, तिने सकाळपासून तोंडाला काही लावलं नाही हो!"

"डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. मी टेलर बोलतेय."

"टेलर?" पलीकडच्या बाई घुटमळल्या. "म्हणजे टाके तुम्ही घालता का?"

"नाही हो. मांजराने काल काय खाल्लं?"

"काल शेजाऱ्यांकडे जेवून आली."

"मग आज पोट भरलेलं असेल. संध्याकाळपर्यंत थांबा, नाहीतर घेऊन या. सारखे फोन करू नका."

मग 'पोपट, चिडका' आला. पोपट बोलत नाही, अशी तक्रार. त्यानंतर 'पोपट, चिडका' परत आला. पोपट बोलला, पण शिवी दिली. 'ससा, वकील' यांनी सशाच्या शिंकेवर वीस मिनिटं युक्तिवाद केला. 'म्हातारा कुत्रा' यांना काहीच विचारायचं नव्हतं, नुसतं डॉक्टर आहेत ना एवढं बघायचं होतं. टेलरबाई चिडल्या. त्या कोटाच्या पाठीच्या तुकड्यावर वही ठेवून नोंद करत होत्या: वेळ, जनावर, तक्रार, आणि शेवटच्या रकान्यात 'उगाच'. दीडपर्यंत नऊ फोन झाले, त्यात सात उगाच. एवढी माणसं एका माणसाच्या मानगुटीवर बसतात, मग त्या बिचाऱ्याच्या खिशाचं काय होणार, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

दहावा आला तेव्हा तोंडात चार टाचण्या होत्या आणि सुई नेमकी बगलेच्या वळणावर होती. कोणाचा आहे ते बघायला सवड नव्हती. त्यांनी स्पीकर लावला. मागे पंख्याची घरघर चालूच होती.

"हॅलो? कोण बोलतंय? मी डॉक्टर..."

"डॉक्टर नाहीत," टाचण्यांमधून बाई म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये आहेत."

"अहो, नाहीये मी ऑपरेशनमध्ये, मीच..."

"तुम्हीच काय, सगळेच काळजीत आहेत! माझीही पोर तिथेच आहे. मी करतेय का फोन? बसा घरी शांत. तुमच्यासारख्यांमुळे त्या माणसाला धड काम करता येत नाही." आणि फोन कापला.

तो माणूस चिवट होता. दोनला आला, सव्वादोनला आला. अडीचला बाईंनी त्याला असं काही झापलं की पलीकडून "बरं, सॉरी" ऐकू आलं. वहीत नोंद झाली: 'पुरुष, जनावर सांगत नाही. उगाच. चार वेळा.'

आपल्याला मात्र कोणीच कळवत नाही, हे तीन वाजता त्यांच्या लक्षात आलं. एवढा वेळ? पाऊण तासाचं काम म्हणाले होते. तिसरा पदर जुळला नाही का? उसवून परत घालताहेत का? सव्वातीनला त्यांनी स्वतःचा फोन हातात घेतला. काळा पडदा. आणि तेवढ्यात नवरा दारात उभा राहिला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच तो खिडकी सोडून आला होता, आणि धापा टाकत होता.

"बॉबिन ठीक आहे," तो आधी तेवढंच म्हणाला. बाई स्टुलावर बसल्या. मग तो पुढे म्हणाला, "पावणेबारालाच झालं. उठून बसलीसुद्धा. तुझा फोन बंद, म्हणून डॉक्टर दुपारपासून स्वतःच्याच नंबरवर फोन करतायत. कोणी बाई उचलते म्हणे आणि त्यांना हाडतुड करते. शेवटी त्यांनी डेपोच्या चौकशीला फोन लावला. मला विचारत होते, 'माझा फोन कधी येणार?'"

टेलरबाईंनी वही हळूच मिटली.

"किती चिडलेत?"

"चिडलेले नाहीत. घाबरलेत."

साडेसहाला बाईंनी कोट नेऊन दिला. बगलेपासून खिशापर्यंत नवा, इस्त्री केलेला, आत फोन आणि तेरा फोनांची यादी, 'उगाच'सकट. वर पिवळा सूट. "हा तिला रात्री घाला," एवढंच त्या बोलल्या. डॉक्टरांनी यादी वाचली, चौथ्या-पाचव्या ओळीला ओठ चावले, आणि शेवटची नोंद आली तेव्हा यादी उलटी ठेवली.

"बॉबिनला बघायचंय?"

"रात्रभर कोणी भेटायचं नाही असं लिहिलंय ना बाहेर?"

"लिहिलंय, पण..."

"मग नाही."

घरी येऊन त्या अंथरुणावर टक्क डोळ्यांनी पडल्या. मुलीने फोन पुढे केला. "लाव ना आई एकदा. रात्रीचा नंबर दिलाय त्यांनी."

"झोपू दे त्या माणसाला," टेलरबाई म्हणाल्या. "कोणाच्या तरी पोटाला हात लावायचाय त्याला उद्या." पण कूस बदलली ती भिंतीकडे, आणि सकाळी उशी ओली होती. नवऱ्याने ती मुकाट्याने उलटी करून ठेवली.

दहाला दवाखान्यात तिघंही हजर. दार उघडलं आणि बॉबिन बाहेर आली. पाय अजून थोडे रबरी, एक कान वर, एक खाली, अंगात पिवळा सूट, आणि मागे शेपूट, जोरजोरात हलणारी.

टेलरबाई खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. गळा घेतला होता. छाती, पोट, पाठ, चार पाय. दोनदा. शेपूट?

सत्तावीस वर्षं त्यांनी शेकड्याने अंगं मापली होती. त्यांतल्या एकालाही शेपूट नव्हती.

"भोक नव्हतं," डॉक्टर चोरट्यासारखे म्हणाले. "म्हणजे, शिवलाय अप्रतिम. पण रात्री तिला जाग आली, मी डोकावलो, आणि ती आतल्या आत शेपूट हलवायला लागली. सगळा सूट हलायचा. मग मी जरा... माफ करा, विचारायला हवं होतं. पण फोन करायची हिंमत झाली नाही."

मुलगी हसायच्या बेतात होती. नवऱ्याने तिच्या पायावर पाय ठेवला.

टेलरबाईंनी चष्मा लावला. बॉबिनला धरून सूटची मागची बाजू उजेडाकडे केली. गोल कापलेलं भोक. कड आत दुमडलेली, आणि तिच्यावर ऑपरेशनच्या जांभळ्या दोऱ्याने काजटाका घातलेला, पूर्ण वर्तुळभर. टाक्याला टाका सारखा, ओढ सारखी, एकही गाठ बाहेर नाही. बाईंनी नखाने एक टाका उचलून पाहिला. उचलला गेला नाही. कापड उलटं करून आतली बाजू बघितली. आतही तसंच.

फक्त शेपूट हलत होती.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पोटावरचे टाके बघायचे असतील ना? सूट वर करून दाखवतो."

टेलरबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि बॉबिनला उचलून खांद्यावर घेतलं.

"नको," त्या म्हणाल्या. "बघितले."