सातव्या भोकातला दिवा

आरोहीच्या पाळण्यावरचा कॅमेरा काळा पडला, तेव्हा अक्षया पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवलेल्या मोबाइलकडे बघत जेवणाचा डबा खात होती. घास तोंडातच राहिला. बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपून ऑफिसला येऊ लागल्याचा तो तिसराच दिवस. ऑफिस रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, घर पावसला, आणि दहा महिन्यांची आरोही सासूबाईंजवळ. ‘कॅमेऱ्यात दिसत राहिली तरच मी जाईन, नाहीतर राजीनामा देईन,’ असं तिने नवऱ्याला, सुजयला, आधीच बजावलं होतं.

सुजय जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. जाण्याआधी त्याने घरभर कॅमेरे बसवले आणि सगळ्यांच्या वायरी कपाटावरच्या एका नेटवर्क स्विचमध्ये, आठ भोकांच्या डबीत, आणून सोडल्या. साधा स्विच असता तर कुठल्याही भोकात वायर घातलेली चालली असती. हा मॅनेज्ड होता. कुठल्या भोकातलं कुठे जायचं, हे त्यात आधीच ठरवून ठेवलेलं. सातव्या-आठव्या भोकाचा रस्ता तर त्याने तोडूनच टाकला होता. परक्या कोणी वायर खुपसली तर दिवा लागेल, पण पुढे काही जाणार नाही.

अक्षयाने घरी फोन लावला. बंद. मग बाहेर गडगडलं आणि तिच्या लक्षात आलं. परतीचा पाऊस. आभाळात नुसता आवाज झाला तरी सासूबाई, म्हणजे मथुराबाई, घरातल्या सगळ्या वायरी उपटायच्या आणि मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. तेवढ्यापुरता तिला धीर आला. मग वाटलं, वायरी उपटायला त्या स्टुलावर चढल्या असतील. आरोही खाली असेल. स्टूल डगमगतं.

आभाळ निवळलं. फाटकावरचा कॅमेरा दिसू लागला, ओटीवरचा दिसू लागला. पाळण्याचा मात्र काळाच. तिने पुन्हा घरी फोन लावला, या वेळी लागला.

“आई, पाळण्याची वायर लावलीत का?”

“लावली तर. हिरवा दिवा लागलाय.”

“कितव्या भोकात?”

“तिसऱ्या. तुझ्या नवऱ्याने सांगितलंय तिथेच.”

अक्षयाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्विचचं पान उघडलं. तिसरं भोक रिकामं होतं. दिवा सातव्यात होता.

“आई, इथे सातवं दिसतंय.”

“इथे तिसरं दिसतंय. मी घरात उभी आहे गो, तू रत्नागिरीत.”

“बरं, एकदा काढून परत घाला.”

“काढली. घातली.”

पानावरचा सातवा दिवा एकदाही विझला नव्हता. वायर काढली असती, तर विझला असता. सासूबाई खोटं बोलत होत्या, आणि त्या खोटं कधी बोलत नसत. म्हणजे काहीतरी झालं होतं आणि ते तिच्यापासून लपवलं जात होतं.

“आरोहीचा आवाज ऐकवा जरा.”

“झोपलीय.”

या वेळेला आरोही जन्मात झोपली नव्हती.

“आई,” अक्षयाने आवाज खाली आणला, “घरात कोणी आलंय का? आलं असेल तर नुसतं ‘हो’ म्हणा.”

“हो.”

अक्षयाने टेबलाची कड धरली. “कोण?”

“धाकू. नारळ पाडायला.”

“फाटकावर तर दिसला नाही!”

“तो कधी फाटकातून आलाय? मागच्या दगडी गडग्यावरून उडी मारतो.”

“त्याच्याकडे कोयता आहे?”

“मग नारळ काय दाताने पाडील?”

फोन ठेवल्यावर अक्षयाच्या डोक्यात कोयता, डगमगतं स्टूल, वरून सुटलेला नारळ आणि गेल्या वर्षी न्हाणीत निघालेलं विषारी फुरसं, असं सगळं एकात एक मिसळलं. साहेबांनी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “सातव्या भोकात दिवा आहे.” साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. म्हणाले, “जा तुम्ही.”

रिक्षा भाट्याच्या पुलावर आली, तेव्हा ती देवाला काय काय बोलून बसली होती, हे नंतर तिला नीट आठवेना. रिक्षावाला म्हणाला, “ताई, हळू जाऊ की जोरात? तुम्ही दोन्ही सांगताय.”

घराचं दार उघडं. पाळणा रिकामा. डबडबलेल्या डोळ्यांनी ती मागच्या पडवीत धावली आणि जागच्या जागी थांबली.

मथुराबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर आरोही पालथी, उघडीनागडी, खोबरेल तेलाने चकचकीत. मथुराबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत मोठ्या, बेसूर आवाजात गात होत्या आणि आरोही खदखदून हसत होती. हनुवटीला गूळभाताची शितं चिकटलेली. समोर धाकू शहाळं सोलत बसला होता.

“वयनी, तुम्ही कशा आज लवकर?” म्हणून त्याने कोयता पाठीमागे लपवला.

गाणं थांबलं. आरोहीने मान वर करून निषेध नोंदवला.

“आई, वायर...”

“मीच घातली सातात,” मथुराबाई म्हणाल्या. त्यांचा हात तेलातच थिजला होता. “सुजय सांगून गेलेला, आई, सातात घालू नको, तिथून काही दिसत नाही. सांगितलेलं राहतं माझ्या लक्षात.”

“पण का?”

“भीती वाटते गो त्या डोळ्याची. तीन दिवस झाले, पदर सरकला तरी आधी वर बघते. पोरीला उचललं की तुझा फोन, ठेवलं की तुझा फोन. गाणंसुद्धा म्हटलं नाही, म्हटलं तुझ्या ऑफिसातली माणसं ऐकतील. हात कापायला लागला, तर पोर पडेल ना हातातून?”

अक्षया पायरीवर बसली. आरोहीने तेलकट मूठ पुढे करून तिच्या ऑफिसच्या ड्रेसवर पाच बोटं उमटवली.

“पालथी घालतात तेव्हा श्वास कोंडत नाही ना?” तिने हळूच विचारलं.

“तुझ्या नवऱ्याचा कोंडला?”

दुसऱ्या दिवशी पाळण्याची वायर तिसऱ्या भोकात होती. ग्लासाला टेकवलेल्या मोबाइलमध्ये मथुराबाई शाळेच्या फोटोत बसावं तशा ताठ बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर. पाळण्यात आरोही कंटाळून स्वतःचा अंगठा बघत होती. बाहेर लख्ख ऊन, आभाळात एक ढग नाही.

अक्षयाने फोन लावला. मोबाइलवरच्या मथुराबाई दचकल्या.

“आई, तिकडे गडगडतंय का हो?”

मथुराबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग मान वर करून, थेट कॅमेऱ्यात बघितलं.

“होय गो,” त्या सावकाश म्हणाल्या. “मरणाचं गडगडतंय.”

“मग वायर काढलेली बरी.”

“काढते. आणि मग सातात घालू?”

“सातात घाला. पण आई, स्टुलावर सांभाळून.”

चित्र काळं झालं. अक्षयाने मोबाइल पालथा ठेवला आणि कामाला लागली. थोड्या वेळाने उलटा करून बघितला. काळाच होता. तिने तो पुन्हा पालथा घातला आणि, आरोहीच्या पाठीवर मारावी तशी, त्यावर हलकेच एक थापटी मारली.