केशवरावांचा कूलर

"कूलर बंद केला तर मी माहेरी चालली!" रागिणीनं लाटणं आपटलं.

अकोल्यात मे महिन्यात शहाणा माणूस कूलरला हात लावत नाही. पण तिच्या नवऱ्याला, नितेशला, शहाणा म्हणायला घरात कोणी तयार नव्हतं. टेबलावर त्याचा शाळेच्या दिवसांतला कॉम्प्युटर होता, त्याला शाळासोबती मोईजनं अमरावतीहून मांडीवर सांभाळत आणलेली जुनी फ्लॉपी ड्राइव्ह जोडली होती आणि तिथून एक वायर मोईजच्या लॅपटॉपला गेली होती. दोघांनी दहावीच्या सुट्टीत स्वतः लिहिलेला गेम एका फ्लॉपीत होता. दुसरी कॉपी जगात नव्हती, आणि या एकीला बुरशी लागली होती.

"आणखी एकदा वाचली तर वाचली," मोईज म्हणाला. "मंग खल्लास."

कूलर लागला की व्होल्टेज पडे, ड्राइव्ह खरखरे आणि एरर येई. नितेशनं कूलर बंद केला. एरर. फ्रिज बंद केला. पुन्हा एरर. भिंतीपलीकडे केशवरावांचा कूलर ट्रॅक्टरसारखा घरघरत होता.

मोईज हात जोडून गेला. "चाचा, दहा मिनिट कूलर बंद करा ना. डाटा काढून राहिलो."

"माया कूलरातून काढतं काय बे डाटा? निघ!"

हे ऐकून नितेशचं डोकं सणकलं. तो तरातरा जिन्याखाली गेला, मीटरच्या पेटीतून केशवरावांचा फ्यूज उपटला आणि खिशात घातला. कूलर गप्प झाला. ड्राइव्ह कशी गुमान फिरायला लागली!

केशवराव मात्र गुमान बसणारे नव्हते. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. "कोन्त्या हरामखोरानं लाईन तोडली? बाहेर निघ!"

नितेशनं दाराला पाठ लावली. "काका, थांबा जरासे!"

"काहून थांबू? उकडून मरून राहिलो ना मी!"

"झालंच, यार! झालंच!" आतून मोईज ओरडला. तेवढ्यात दार ढकललं गेलं, नितेश कोलमडला आणि केशवरावांनी लॅपटॉपवर काठी उगारली.

स्क्रीनवर जामाचं, म्हणजे पेरूचं, झाड उगवलं. झाडाखाली धोतर नेसलेला, ढेरपोट्या एक माणूस काठी घेऊन उभा होता.

"हा कोन व्हय?"

मोईजनं लगबगीनं वायर गुंडाळायला घेतली. घामानं निथळणारी रागिणी मात्र याच घडीची वाट पाहत होती. "तुमीच हाय, काका. खाली नाव बी हाय, वाचा. केश्या राक्षस."

केशवराव लालबुंद झाले. "म्हंजे माया झाडाचे जाम तुमी चोरत होते! अन् मी वांदराईच्या नावानं बोंबलत होतो!" काठी आणखी वर गेली. मग खाली आली. "ह्या राक्षसाले पयवतात कसं? कोन्तं बटन?"

गेम दोघांचा होता. एकानं चोर व्हायचं, दुसऱ्यानं राक्षस. केशवरावांनी खुर्ची ओढली. "नितेश, तू चोर हो. तसाही हायच."

मोईजनं नितेशच्या खिशातून फ्यूज काढून जागेवर बसवला. पलीकडचा कूलर घरघरला. हे ऐकून रागिणीनं आपलाही लावला.

"बंद करा बे दोन्ही!" केशवराव खेकसले. "पोट्टं आता हातात येऊन राहिलं होतं!"

"काका, गेम लॅपटॉपमध्ये आला, आता कूलरनं काही बिघडत नाही," नितेश म्हणाला.

"तू चूप! इतक्या वर्सानं सापडला, रिस्क काहून घेऊ? मोईज, फ्यूज काढ. दोघाईचा काढ."

रागिणी बॅग भरायला उठली.