म्यूरिअलच्या मांजराचा स्मृतिभ्रंश

विनोदी नट ऑर्विल ट्रास्कला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: लोकांनी हसावं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या बायका मात्र दुपारी इस्त्री करता करता रेडिओवरच्या, साबण कंपन्यांनी चालवलेल्या मालिका ऐकून रडत. त्या रडारडीची टिंगल करणारी एक ग्रामोफोनची तबकडी ऑर्विलने काढली. तीत म्यूरिअल नावाच्या बाईची स्मृती जाते, मग तिच्या नवऱ्याची जाते, शेवटी मांजराचीही जाते. ते दुधाची बशीच ओळखत नाही. प्रत्येक वाक्यामागे ऑर्गन हुंदका देतो.

रेडिओ केंद्राच्या छाननी विभागाने तबकडी रीतसर तपासली. दुःखी स्त्री: आहे. ऑर्गन: आहे. सबब ही मालिकाच होय, असा शेरा मारून ती भर दुपारी लावण्यात आली.

आठवडाभरात केंद्राच्या दारात मांजरासाठी सार्डिन माशांच्या डब्यांचा ढीग लागला.

"अहो लुंडक्विस्ट, तो विनोद होता!" ऑर्विल केंद्राच्या व्यवस्थापकाला म्हणाला.

"असेल बुवा. पण कोणी हसल्याची आमच्याकडे नोंद नाही. साबणाचा खप मात्र वाढलाय. पुढचा भाग कधी देताय?"

ऑर्विल इरेला पेटला. दगडालाही हसू फुटेल अशी दुसरी तबकडी त्याने काढली. तीत मांजराची स्मृती परत येते, आपण म्यूरिअलचे नव्हेच, शेजारणीचे, हे त्याला आठवते आणि त्या धक्क्याने ते मरते.

महापौरांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. साबणाच्या वेष्टनाला काळी किनार आली. ऑर्विल घरी पोचला, तर बायको डोळे पुसत होती आणि इस्त्रीखाली त्याचाच सदरा जळत होता.

"बर्निस, निदान तू तरी हास गं!"

"हसू? मारलंस त्याला आणि वर हसायला सांगतोस?"

"अगं, मांजर नव्हतंच! म्याव मीच केलं होतं."

"तरीच," बर्निसला नवा हुंदका फुटला, "बिचाऱ्याचा आवाज घरातल्यासारखा वाटायचा!"

ऑर्विल जळका सदरा घेऊन बसला.

तुम्ही हसलात, हे कळतं तर त्याला केवढा आनंद झाला असता! पण मांजर मेल्याचं वाचून तुमचंही मन क्षणभर हळहळलं असेल, तर कृपया सार्डिन पाठवू नका. साबणाचं रिकामं वेष्टन पुरे.