कोंडीतलं माहेर

तांबडेवाडीच्या चौकातली वाहतूककोंडी ही वाहतूक नसून वस्ती आहे, असा निर्णय नगरपालिकेने घेतला, तेव्हा मंदाकिनी खरवंडीकर आपल्या गाडीच्या बॉनेटवर पापड वाळत घालत होत्या. लेकीला, सुवर्णाला, पहिल्या बाळंतपणासाठी सासरहून आणायला त्या आणि यशवंतराव निघाले, तेव्हा तिला सहावा चालू होता. आता नववा लागला होता आणि सुवर्णा अजून चौकापलीकडेच होती.

निर्णय सांगायला उपअभियंता निमखेडकर जातीने, गाड्यांच्या फटींतून अंग चोरत आले.

“अभिनंदन ताई. चौकाची सुधारणा पूर्ण झाली.”

“कुठं झाली? आमची गाडी जागची हललेली नाही.”

“म्हणूनच झाली. जे हलत नाही त्याला वाहतूक म्हणता येत नाही. ती वस्ती. वाहतुकीतून वस्ती वजा केली की चौक मोकळा! सकाळीच फीत कापली.”

मंदाकिनीबाईंचं डोकं सणकलं. दिसेल त्या शेतात वीसमजली टॉवर उभारायला परवानग्या यांनीच दिल्या, चार दिशांचे रस्ते एका नरड्यात यांनीच कोंबले, आणि वर अभिनंदन करायला आले, निर्लज्ज कुठले!

“माझ्या पोरीचे दिवस भरत आलेत! मला तिला घरी न्यायचंय. पुढच्या गाड्या काढा!”

“वस्ती अशी काढता येत नाही ताई. आधी पर्यायी जागा द्यावी लागते. आणि पुढची लेन भरलेली आहे.”

“अगं, वस्तीला नळ देतायत म्हणे,” स्टेअरिंगवरून यशवंतराव हळूच म्हणाले.

“नळ घाला चुलीत!”

मंदाकिनीबाईंनी तिथल्या तिथे विहीणबाईंना फोन लावला आणि बाळंतपण तिकडेच करा म्हणून गयावया केली. आपल्या पोरीच्या उशाशी आपण नसणार, हे पचत नसतानाही त्यांनी ते मागितलं. पण विहीणबाई रीतीला पक्क्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि माहेर म्हणजे आईबाप राहतात ती जागा. ती कुठली, हे नगरपालिकेने ठरवलंच होतं.

रविवारी विहीणबाई सुवर्णाला घेऊन दुभाजकावरून चालत आल्या. पोरीचे पाय सुजले होते, ओठ कोरडे पडले होते. ते बघून मंदाकिनीबाईंना रडू कोसळलं.

“भर उन्हातून चालवत आणलीत? काळीज आहे का तुम्हाला?”

“गाडी काढली असती तर आमचीही वस्ती झाली असती,” विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. “मग मूल ना सासरी झालं असतं ना माहेरी. तेवढा बाळंतविडा मागच्या डिकीत ठेवून घ्या.”

सुवर्णाने गाडीच्या दाराला हात घातला.

“थांब! अशी कशी शिरतेस?” मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले. लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून त्यांनी तो निमखेडकरांच्या कार्यालयाच्या दिशेने, होता नव्हता तेवढा जोर लावून भिरकावला. तिच्या पायांवर पाणी घातलं. मग मागचं दार उघडून उशी सारखी केली.

“ये बाळा. पाय वर घेऊन नीट पड. इथून आता आपल्याला कुणाचा बाप हलवू शकत नाही.”