यजमानांसोबत स्कीचा एक दिवस

सीझनमध्ये घर पाहुण्यांचं असतं. हा त्या घराचा नियम होता. आणि त्याला जोडून आलेला दुसरा नियम असा, की पहिल्याबद्दल काही विचारायचं नाही.

बुर्गीने पाच वर्षांची असताना एकदा विचारलं होतं. आपल्या पलंगावर हा मिशीवाला माणूस का झोपलाय, एवढाच साधा प्रश्न होता. उत्तर म्हणून आजीने तिच्या हातात बटाटे सोलायची सुरी दिली. आता बुर्गी बावीस वर्षांची होती, व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकत होती, आणि तरीही नाताळात टायरॉलच्या डोंगरातल्या त्या गेस्टहाउसवजा घरी आली की इस्त्रीच्या खोलीत, चादरींच्या ढिगाऱ्याशेजारी घडीच्या खाटेवर झोपत होती. तिच्या खोलीला आता पाटी होती : सात नंबर, एकट्यांसाठी.

कामाचा तिला राग नव्हता. (होता. पण तो बारका राग होता.) मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. तिच्या बाबांना, म्हणजे फिन्ट्सेन्स यांना, प्रत्येक पाहुण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते पाठ होतं. कुणाच्या कुत्र्याला काय पचत नाही तेही ठाऊक होतं. आणि सव्वीस डिसेंबरला, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सॉसेज खाताना, त्यांनी बुर्गीला विचारलं, "मग, काय म्हणतोय तुझा कायदा?"

कायदा सोडून तिला दोन वर्षं झाली होती. ती हिमनद्यांचा अभ्यास करत होती. घरी तिने हे सांगितलं होतं. पण सांगितलं ते फेब्रुवारीत, ऐन सीझनमध्ये, त्यामुळे ते धरलं गेलं नव्हतं.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोलू की! ईस्टर होऊ दे. मग निवांत बसू."

इस्त्रीच्या खोलीत बसून फोनवर ती स्वतःच्याच घराची वेबसाइट बघत होती, तेव्हा तिला ते दिसलं. 'दर बुधवारी, यजमानांसोबत स्कीचा एक दिवस. डोंगरावर एकत्र जेवण आणि मनमोकळ्या गप्पा. संध्याकाळी आमच्या घरचं सूप. इतरत्र उतरलेल्यांचंही स्वागत. एक जागा शिल्लक.'

मनमोकळ्या गप्पा. आणि ईस्टरपर्यंत थांबायलाही नको.

तिने ती जागा घेऊन टाकली. नाव, फ्राऊ श्टाइनवेंडर. गाव, लिंट्स. स्कीचा अनुभव, शून्य. इतर सूचना : घसा बसला आहे, बोलता येत नाही. (खोटं बोलायचं तर ठणकावून बोलावं, हे ती याच घरात शिकली होती. सात नंबरच्या खिडकीतून दिसणाऱ्या पार्किंगला वेबसाइटवर 'संपूर्ण पर्वतराजी' म्हटलेलं होतं.)

बुधवारी सकाळी ती आईला म्हणाली, "मला ताप आलाय."

आईची, रोझीनाची, नजर उकळत्या अंड्यांवरून हलली नाही. "किती?"

"अडतीस."

"मग पडून राहा. बरं वाटलं की नॅपकिनच्या घड्या घाल."

बुर्गी तळघराच्या खिडकीतून बाहेर पडली. अंगात कुणा पाहुणीने कधीकाळी विसरलेला जांभळा सूट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, नाकापर्यंत मफलर. स्की तिने दुकानातून भाड्याने घेतल्या. स्वतःच्या घेतल्या असत्या तर बाबांनी ओळखल्या असत्या. (स्की ओळखतील याची तिला खात्री होती. मुलीबद्दल नव्हती.)

"फ्राऊ श्टाइनवेंडर!" लिफ्टपाशी बाबा दोन्ही हात पसरून पुढे आले. "या, या! तुमचीच वाट बघत होतो!"

आपली वाट कुणी बघतंय हे ऐकून बुर्गीने आधी मागे वळून पाहिलं.

बाबा सरळ बर्फात गुडघे टेकून बसले आणि तिच्या बुटांच्या पट्ट्या बांधू लागले. "घट्ट होतंय का? बोलू नका, नुसती मान हलवा." तिने नाही म्हणून मान हलवली. बूट चिक्कार घट्ट झाला होता. पण सोडून त्यांनी तो पुन्हा बांधला असता, तर तिचे डोळे भरून आले असते, आणि गॉगलच्या आत बोट जात नाही.

आता अडचण अशी, की नवव्या वर्षी शर्यतीत उतरलेल्या मुलीला स्की न येणं फार अवघड असतं. पाय आपोआप वळतात. बुर्गीला एकेक वळण आठवून आठवून चुकवावं लागत होतं.

"पिझ्झा, बाईसाहेब!" बाबा ओरडत होते. "पायांचा पिझ्झा करा! पुढे टोकं जवळ, मागे फाकवा!"

बुर्गी पडली.

"वा! काय सुंदर पडलात! असं पडायला लोकांना वर्षं लागतात!" बाबांनी तिला काखेत हात घालून उभं केलं आणि पाठीवरचा बर्फ झटकला.

ती शर्यतीत दुसरी आली होती, तेव्हा याच माणसाने "गुडघे वाकवत जा" एवढंच म्हणून बिअरचे क्रेट उतरवायला घेतले होते. बुर्गी आणखी अकरा वेळा पडली. त्यातल्या चार वेळा तर काहीच गरज नव्हती.

दुपारी डोंगरावरच्या उपाहारगृहात तिने हेल्मेट काढलं नाही. मफलरखालून नळीने चहा ओढत ती मनमोकळ्या गप्पांची वाट बघत बसली. गप्पा सुरू केल्या ब्रेमेनच्या ओल्टमान्स साहेबांनी. (मिशी आता पांढरी झाली होती. मुक्काम अजून सात नंबरमध्येच.)

"कन्या दिसली नाही आज?"

"ताप आलाय म्हणे," बाबा म्हणाले. "फार गुणाची पोर हो. व्हिएन्नाला कायदा शिकते."

नळीतून विचित्र आवाज आला.

"आपली खोली दिली तुम्हाला, पण कधी एका शब्दाने विचारलं नाही. तिला इस्त्रीची खोलीच आवडते. उबदार असते ना."

"आणि स्कीइंग?"

"छे! आवडच नाही तिला. खूप प्रयत्न केला मी. शेवटी म्हटलं, राहू दे."

बुर्गी उठली, बाहेर आली, पायात स्की अडकवल्या आणि काळ्या पाटीच्या, सगळ्यात अवघड उताराकडे निघाली. हा उतार शर्यतीचा. गावातले अर्धे लोकही तिकडे फिरकत नाहीत.

"बाईसाहेब, तिकडे नको!" बाबा टोपीशिवाय धावत आले. "पिझ्झा करा! अहो, पिझ्झा!"

बुर्गीने पिझ्झा केला नाही. ती सरळ खाली सुटली. मागून तिला बाबा फोनवर किंचाळताना ऐकू येत होते : "बाई आहे! लिंट्सची! जांभळी! नवशिकी! आणि मुकी आहे हो!"

खाली बचाव पथक स्ट्रेचर उघडून तयार होतं. बुर्गी आली ती त्यांच्यासमोर अशी वळून थांबली, की स्ट्रेचर बर्फाने भरून गेलं.

पथकातला म्हातारा याकोब बर्फ झटकत म्हणाला, "ही कसली लिंट्सची? असं वळते ती फिन्ट्सेन्सची पोरगी."

एका वळणावरून. परक्या माणसाने.

बाबा पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बुर्गीने गॉगल वर केला.

"ताप उतरला?" त्यांनी विचारलं. आणि मग, "नॅपकिनचं काय झालं?"

"बाबा, मी कायदा सोडलाय. दोन वर्षं झाली."

"हळू बोल. पाहुणे ऐकतायत."

संध्याकाळी जेवणघरात, दाराजवळच्या कोपऱ्यात एका माणसाचं टेबल मांडलेलं होतं. वर चिठ्ठी : श्टाइनवेंडर. बुर्गी जांभळ्या सुटातच तिथे जाऊन बसली. आजूबाजूला सगळी टेबलं भरलेली होती आणि सगळ्यांशी बोलायला कुणी ना कुणी होतं.

आई सुपाचं भांडं घेऊन आली. पाहुण्यांसाठीचं हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून, दातांतल्या दातांत म्हणाली, "ऊठ. पाच नंबरचे लोक ताटकळलेत."

"मी गिऱ्हाईक आहे, आई."

स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाली, "आम्ही गोठ्यात झोपायचो सीझनला. तोंडातून शब्द काढला नाही."

"काढायचा होतास, आजी. मला आज सोपं गेलं असतं."

बाबा आले. "बुर्गी, घरचं माणूस या खोलीत बसत नाही. नियम आहे."

"का?"

"का म्हणजे?"

"म्हणजे का. आज तुम्ही गुडघ्यावर बसून माझे बूट बांधलेत. मी कुणीतरी परकी बाई आहे असं वाटलं म्हणून. पोटच्या पोरीला यासाठी लिंट्सहून यावं लागतं का? मी उठणार नाही. सूप नेणार नाही. आणि आजपासून इस्त्रीच्या खोलीत झोपणारही नाही."

आईच्या हाताने सवयीने बुर्गीच्या वाडग्यात सूप वाढलं, आणि तिघंही तिथेच उभे राहिले.

बुर्गीने पहिला चमचा तोंडात घातला. मीठ कमी होतं. कुणाला तरी हाक मारावी म्हणून तिने मान वर केली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की या घरात मीठ आणून देते ती मुलगी आज आजारी आहे.