प्रवचनाला तापणारी भट्टी

केरिचो गावच्या चहा कारखान्यात दर बुधवारी दुपारच्या सुट्टीत चेरोपआई निलगिरीच्या झाडाखाली उभ्या राहून प्रवचन गात, आणि नेमका त्याच वेळी चहा वाळवायच्या भट्टीला ताप चढे. पडद्यावरचा आकडा शंभरावरून चारशेवर उडी मारी, यंत्रणा घाबरून जाळ बंद करी आणि आतला पाला अर्धा कच्चाच राही. वर संगणकातल्या नोंदीच्या रेघेत एक डोंगर उगवे, तो वेगळाच. खरेदीदारांना तर नोंदी सरळ हव्या होत्या.

मॅनेजर वांगेचीबाईंनी आधी आईंचा लाउडस्पीकर काढायला लावला. चेरोपआई नुसत्या गळ्यावर गायल्या, तरी आकडा चारशेवर गेलाच. मग काय, गावभर झालं की आईंच्या सुरानेच भट्टी पेटते. शेजारच्या मळ्यातले लोक आंबट दूध भरलेले वाळके भोपळे अर्पण करायला घेऊन येऊ लागले. एकजण तर दुखरा गुडघा भट्टीला टेकवून बसला.

वांगेचीबाईंनी कारखान्याच्याच वीजविभागातल्या टायटस बिवोटला बोलावलं. "येत्या बुधवारी कारण शोध. नाहीतर प्रवचन कायमचं बंद."

आईंनी पहिला सूर लावला की टायटसच्या हातातली पक्कडसुद्धा ठेका धरायची. त्या गाण्यावर त्याचा अख्खा आठवडा निघे. तरी बुधवारी तो मनावर दगड ठेवून आत भट्टीपाशी थांबला.

बाहेर आईंनी सूर लावला. आत पंखे सांभाळणाऱ्या सोईबाबांनी टोपी काढली आणि मोठ्या पंख्याचं बटण हलकेच मागे फिरवलं. आकडा चारशे.

"बाबा, हे काय करताय?"

"देवाचं नाव चाललंय बाहेर. पंखा काय बोंबलत राहू दे? बायको बोलायला लागली की तू रेडिओ बारीक करतोस ना?"

"बंदच करतो," टायटस म्हणाला. "बाबा, वाढवा बघू जरा."

पंखा वाढला, आकडा शंभरावर. कमी केला, चारशे. बाहेर आई जीव तोडून गात होत्या आणि इकडे चमत्कार सोईबाबांच्या चिमटीत होता.

पूर्ण वेगात पंखा थेट विजेवर चाले. वेग कमी केला की वीज वेग सांभाळणाऱ्या एका नव्या डब्यातून तुकडे तुकडे होऊन जाई आणि पंख्याच्या जाड तारेत गोंगाट माजे. पण तो भट्टीच्या आकड्यात कसा शिरला? टायटस तारेच्या मागे मागे गेला आणि जागीच थिजला. तापमान सांगणारी नाजूक तार त्या जाड तारेच्या गळ्यात गळा घालून बसली होती आणि तिचा गोंगाट हिच्यात झिरपून आकडा फुगवत होता. दोघींची वेणी घातली होती त्यानेच. बायकोचं केस गुंफायचं दुकान, तिथे हात बसलेला. वांगेचीबाई पाहुण्यांना मुद्दाम ती वेणी दाखवायला आणत.

त्याने ती सोडली. जाड तार लांब नेली, नाजूक तारेला जाळीचं कवच चढवून ते जमिनीशी जोडलं, मधे पत्रा ठोकला.

"हे काय ध्यान?" वांगेचीबाईंनी विचारलं. त्याने वेणीसकट सगळं सांगितलं. त्यांनी पत्र्यावर बोटाने टकटक केलं. "बुधवारी बघू."

पुढच्या बुधवारी पंखा मंद होता, आई ऐन रंगात होत्या आणि पडद्यावरची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. बातमी पसरली तसा गुडघेवाला हिरमुसून उठला. कामगारांनी मात्र टायटसला खांद्यावर घेतलं. वांगेचीबाई पहिल्यांदाच निलगिरीखाली येऊन उभ्या राहिल्या.

सोईबाबांकडून आईंना सगळं कळलेलंच होतं. त्यांनी तिथल्या तिथे नवं कवन रचलं: देवाने उजेड आणि अंधार वेगळा केला, पाणी आणि जमीन वेगळी केली, आणि आमच्या कारखान्यात मोठी तार आणि धाकटी तार कोणी वेगळी केली?

"टायटसनं!" शंभर गळे गर्जले. तो खांद्यावरूनच हात जोडू लागला.

आईंनी सूर आणखी वर नेला. "आणि बांधल्या होत्या कोणी?"

"टायटसनं!"

या वेळी सगळ्यांत वरचा आवाज वांगेचीबाईंचा होता, आणि तो सुरात होता.