नीउ-व्हेनेपचा सीलकोट

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या दारात विटांची फरसबंदी होती; डांबर होतं ते फक्त नरेंद्रच्या. घराचा आधीचा मालक रस्त्यांची कामं घ्यायचा. कुठल्याशा कामावर उरलेलं डांबर त्याने आपल्याच दारात पसरलं, आणि पुढे घर विकून तो मोकळा झाला. नरेंद्र सहा वर्षं त्या डांबरावर गाडी लावत होता, पण त्याने ते कधी पाहिलं होतं असं म्हणता येणार नाही. पाहायला सवड मिळाली ती दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये, ऑफिस घरात आलं तेव्हा. त्याचं टेबल खिडकीशी होतं. स्क्रीनवरून नजर काढली की समोर ती पंधरा पावलांची करडी पट्टी. तिसऱ्या आठवड्यात त्याला तिच्यात भेगा दिसायला लागल्या.

"शामला, आपल्याला सीलकोट करायला हवा."

"कुणाला?" बायकोने पलीकडच्या खोलीतून, स्वतःची मीटिंग चालू असतानाच विचारलं.

"डांबराला. वरून काळा थर देतात. नाहीतर भेगांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं आणि फुटतं."

"सहा हिवाळ्यांत नाही फुटलं ते?"

(त्याने हेडफोन कानाला लावले.)

नरेंद्रचे वडील, नाना, कराडला एकटेच राहत. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बहीण सुनीती दोन गल्ल्या सोडून राहायची, डबा पोचवायची. दर रविवारी इथल्या साडेबाराला, म्हणजे नानांच्या चहाच्या वेळी, व्हिडिओ कॉल. तो चार मिनिटांत आटपायचा. जेवलास का? जेवलो. थंडी आहे का? आहे. मग दोघंही एकमेकांच्या मागच्या भिंतीकडे बघत बसायचे आणि कुणीतरी एकजण 'बरं मग' म्हणायचा. बापलेकांत भांडण नव्हतं हो. विषय नव्हता, इतकंच.

त्या रविवारी 'बरं मग' ओठांवर आलेलं असताना नरेंद्र बोलून गेला, "नाना, दारातल्या डांबराला सीलकोट करावा का?"

नाना बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं रस्त्यांवर होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"मोबाईल खाली धर. अजून खाली. हे काय, तुझा पाय आहे का? पाय काढ तिथनं."

तो कॉल पंचेचाळीस मिनिटं चालला.

पुढच्या रविवारी पाण्याची परीक्षा. डांबरावर पाणी ओतायचं आणि लगेच मुरतं की थांबतं ते नानांना दाखवायचं. बाहेर नेमका पाऊस भुरभुरत होता. (इथे तो असतोच.) तेव्हा एका हातात छत्री, दुसऱ्या हातात झारी आणि मोबाईल शर्टाच्या खिशात तोंड बाहेर काढून, अशा थाटात नरेंद्र भर पावसात डांबराला पाणी घालत असताना शेजारचा योप बाहेर आला. योप पंचाहत्तरीचा, विधुर. दीड मीटर अंतर राखून त्याने विचारलं, "आलेस खुत?" म्हणजे, सगळं ठीक ना?

"हो, हो. वडिलांनी सांगितलंय," नरेंद्र म्हणाला आणि पालथा झोपून भेगेत डोकावू लागला.

दुसऱ्या दिवशी दारात सफरचंदाचा केक आणि त्यामागे हलक्या आवाजात बोलणारा योप. त्याने शामलाला विचारलं, "नोकरी गेली का त्याची?"

"नाही. तो वडिलांशी बोलतो."

योपने टोपी काढली. "कधी वारले?"

"आहेत ते! कराडला आहेत."

"असं होय," योप म्हणाला, आणि केक परत न्यावा की नाही याचा विचार करत थोडा वेळ उभा राहिला.

निर्णय मात्र काही होईना. मे महिन्यात नाना म्हणाले, करावा. जूनमध्ये म्हणाले, आधी भेगा भर, त्या नीट बसू देत. जुलैत म्हणाले, सलग दोन दिवस कोरडे असल्याशिवाय डबा उघडायचा नाही. सलग दोन दिवस कोरडे सप्टेंबरात मिळाले, तर म्हणाले, आता जमीन गार पडली, थर धरायचा नाही, पुढच्या वर्षी बघू. हिवाळ्यातही सुट्टी नव्हती. फेब्रुवारीत बर्फ पडला तेव्हा त्यांनी नरेंद्रला झाडून बर्फ बाजूला करायला लावला आणि मधल्या भेगेची रुंदी विचारली.

डांबराच्या नादाने बाकीच्या गोष्टीही निघायच्या. एकदा नाना म्हणाले, "तू झालास तेव्हा मी चिपळूण रस्त्यावर कार्पेट टाकत होतो. निरोप आला, पण तापलेलं डांबर टाकून निघता येतं होय? तिसऱ्या दिवशी पोचलो. तुझ्या आईने पुढं वर्षभर ऐकवलं." नरेंद्र सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता, आणि हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

ऑफिसातल्यांना तो सांगायचा, शामलालाही सांगायचा, "मला कशाला हवाय सीलकोट? म्हातारा एकटा पडलाय गं. बोलायला काहीतरी लागतं त्यांना, म्हणून मी आपला विचारत राहतो." हे सांगताना आपण फार गुणी मुलगा आहोत असं त्याला वाटायचं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलअखेर नानांना ताप आला. भारताची विमानं त्याच आठवड्यात थांबली. सुनीतीने धावपळ करून हॉस्पिटलात खाट मिळवली. नानांनी ती पाच दिवस वापरली.

तिचा मेसेज आला तेव्हा नरेंद्र सकाळच्या मीटिंगमध्ये होता. कॅमेरे चालू, पाळी त्याचीच. तो म्हणाला, "माय फादर इज नो मोअर." स्क्रीनवरच्या चौकोनांतली आठ माणसं त्याच्याकडे तशीच बघत राहिली. मग एकजण हसून म्हणाला, "नरेंद्र, यू आर ऑन म्यूट." त्याने म्यूट काढला. तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडेना. "नो अपडेट्स फ्रॉम माय साइड," तो म्हणाला, आणि पाळी पुढे गेली.

नगरपालिकेच्या माणसांनी सगळं उरकलं. सुनीती स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी होती, पण नरेंद्रला दाखवायला मोबाईल धरायचं तिच्याच्याने झालं नाही. तेराव्या दिवशी शामलाने खीर केली. चौदा वर्षांची लेक वैदेही आजोबांचा फोटो बघत म्हणाली, "इज इट ओके इफ आय डोन्ट ईट?" आणि कुणीच खाल्ली नाही. नरेंद्र रडला मात्र नाही. पाणी डोळ्यांपर्यंत यायचं आणि तेवढ्यात कसली तरी मीटिंग सुरू व्हायची. रविवारी साडेबाराला काय करायचं हे त्याला कळत नसे. तो गाडी धुवायचा. स्वच्छ गाडी तो पाच रविवार धूत होता.

सहाव्या रविवारी ऊन पडलं. नरेंद्रने आदल्या दिवशीच सीलकोटचे दोन डबे आणून ठेवले होते.

"नाना शेवटी काय म्हणाले होते? करावा की नाही?" शामलाने निघता निघता विचारलं. तिची लस घ्यायची वेळ होती, आणि वाटेत वैदेहीला मैत्रिणीकडून घ्यायचं होतं.

"भेगा बघून सांगतो म्हणाले होते."

"मग?"

"मग काही नाही."

ती गेल्यावर त्याने जुनी चड्डी आणि बनियन चढवलं, दाराशी बैठक मारली आणि घराकडून रस्त्याकडे काळा थर ओढत निघाला. काम सुंदर होत होतं. कडा सरळ, थर एकसारखा. पंधरा पावलं संपली, तो पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याला दिसलं, की आपण रस्त्यावर आहोत, घर पलीकडे आहे, आणि मध्ये चोवीस तास ज्यावर पाऊल टाकायचं नाही असं डांबर आहे. मागच्या बागेच्या दाराला आतून कडी. चावी आत. मोबाईल आत, खिडकीच्या कट्ट्यावर. सायकलवरून एक कुटुंब गेलं. कानांपर्यंत काळ्या झालेल्या, बनियनमधल्या माणसाला त्यांच्या धाकट्याने हात केला.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून व्हिडिओ कॉलची रिंग ऐकू आली. रविवार. साडेबारा.

नाना नाहीत हे नरेंद्रला ठाऊक होतं. त्याच्या पायांना ठाऊक नव्हतं. तो ओल्या थरावरून सरळ पळत सुटला. एक चप्पल मध्येच रुतून राहिली. तो तसाच उघड्या दारातून आत, कार्पेटवरून खिडकीशी, मोबाईल उचलून धापा टाकत सोफ्यावर.

"दादा, काय हे? कोळसा खाल्लास का?" सुनीती होती. "सहज केला फोन. या वेळेला तुमचा कॉल असायचा ना, म्हणून."

"सीलकोट केला गं."

सुनीतीला हसू आलं, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. "अरे, नाना म्हणायचे, त्या डांबराला अजून दहा वर्षं काही होत नाही."

"काय? कधी म्हणाले?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, पोरगं तिकडे एकटं पडलंय, बोलायला काहीतरी लागतं त्याला. विचारतंय तर विचारू दे. मोबाईल धरून त्यांचा हात भरून यायचा रे, पण रविवारी दाढी करून बसायचे."

नरेंद्रने मोबाईल मांडीवर ठेवला, आणि दीड महिना तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो हुंदके देऊन रडत होता. सुनीती तिकडे "दादा, दादा" करत राहिली, आणि मग तीही रडायला लागली.

शामला आणि वैदेही आल्या त्या शेजारून, योपची बाग ओलांडून; ही वाट नरेंद्रला सुचलीच नव्हती. दाराशी शामलाने खाली पाहिलं. दारापासून खिडकीपर्यंत बदामी कार्पेटवर काळी पावलं, एक चपलेचं, एक अनवाणी. तिने तोंड उघडलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"अरे, कार्पेटसाठी इतकं रडतात का?" ती जवळ येऊन म्हणाली. "जाऊ दे. जुनंच होतं."

नरेंद्रने मान हलवली आणि मांडीवरच्या मोबाईलकडे बोट केलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि तशीच उभी राहिली. वैदेही पाणी घेऊन आली आणि पेला हातात धरूनच थांबली. हुंदके कमी झाले, मग थांबले. त्याने डोळे पुसले. डोळ्यांभोवती दोन काळी वर्तुळं उमटली.

"बरं वाटतंय?" शामलाने विचारलं.

"हं."

"नीट वाटतंय ना?"

"हो गं."

"मग आता ऊठ," शामला म्हणाली. "जाऊ दे म्हटलं ते मी कार्पेटला. सोफ्याला नाही."